मागे पडलेल्या मुलाची वही

लातूरच्या एका घरी फेब्रुवारीत बदलीचं पत्र आलं. वडील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या लातूर शाखेत हिशेब पाहत. जूनपासून त्यांना पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. घरात चौघं. आई शेजारपाजारच्या मुलांच्या शिकवण्या घेई. थोरली सहावीत, वर्गात कायम पहिल्या तिघांत. धाकटा दुसरीत, त्याला सगळे छोटू म्हणत. छोटूचं वाचन अडखळे. जोडाक्षर आलं की तो थांबे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाही आणि उरलेली ओळ अंदाजाने पुरी करी.

पुण्यात कुठे राहायचं हे शाळा पाहूनच ठरवायचं, यावर दोघांचं एकमत होतं. वडिलांनी एक वही केली. तिच्यात शाळांची नावं, दहावीचे निकाल, नव्वद टक्क्यांच्या वर किती मुलं, फी आणि जवळपासच्या घरांची भाडी असे रकाने आखले. दहावी-बारावीच्या निकालांवरून ज्या गावाचा ‘पॅटर्न’ महाराष्ट्रभर नावाजला गेला, त्या लातूरच्या माणसाने शाळा निकालावर जोखावी, यात नवल नव्हतं. वहीत तीन ठिकाणं उरली: चाकणच्या वाटेवरची मोशी, उंच इमारतींचं वाकड आणि निगडीचं प्राधिकरण. मार्चमध्ये रजा काढून चौघंही पुण्याला आले आणि चिंचवडला मावशीकडे उतरले.

आधी मोशी. कारखाना जवळ, घरं नवी, भाडं परवडणारं. कोपऱ्यावरच्या शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलं होतं. आईने संलग्नता क्रमांक विचारला. “प्रोसेसमध्ये आहे,” असं उत्तर आलं. शाळेच्या सरकारी नोंदीचा अकरा आकडी यूडायस क्रमांक विचारला, तर ऑफिसातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. मान्यता नसलेल्या शाळेत मूल घातलं, की पुढे दाखल्यापासून दहावीच्या अर्जापर्यंत सगळीकडे अडचण येते. वडिलांनी वहीतली ती ओळ तिथेच खोडली.

मग वाकड. ही शाळा वहीत पहिल्या क्रमांकावर होती. प्रवेशद्वाराशी दहावीच्या गुणवंतांचे मोठाले फोटो, आत वातानुकूलित दालन, पडद्यावर चित्रफीत. मैदान मात्र गच्चीवर होतं, सिमेंटवर हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरलेलं. थोरलीशी पाच मिनिटं बोलून प्रवेशाचं काम पाहणाऱ्या बाई खूश झाल्या. मग त्यांनी छोटूपुढे एक उतारा ठेवला. तो दुसऱ्याच ओळीत थांबला, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहू लागला, आणि पुढचं त्याने मनानेच रचून सांगितलं. बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. “सर, मुलीचा प्रवेश कन्फर्म समजा. मुलाचं मात्र पाहावं लागेल. त्याला एक वर्ष बाहेर फाउंडेशन क्लास लावा, मग घेऊन या. आमचा एक स्टँडर्ड आहे.”

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेऊन निवड करता येत नाही. पहिल्यांदा असं केल्यास 25 हजारांपर्यंत आणि त्यापुढे प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आईला हे ठाऊक होतं. तिने वाद घातला नाही. तिने एवढंच विचारलं, “बाई, तिसरीच्या वर्गात जे मूल सगळ्यात मागे असेल, त्याची वही बघायला मिळेल का?”

बाई हसल्या. “मागे असलेली मुलं आम्ही ठेवतच नाही, मॅडम.”

बाहेर पडल्यावर वडील म्हणाले, “बघ, काय शिस्त आहे. छोटूला वर्षभर क्लास लावू. थोरलीचं तर सोनं होईल.” आई काही बोलली नाही. फाटकापाशी शाळेच्या व्हॅन उभ्या होत्या. तिने एका व्हॅनवाल्या काकांना मुलांच्या वेळा विचारल्या. काकांनी सरळ सांगितलं, “पहिलं पोरगं सव्वासहाला बसतं ताई. शाळा सव्वासातची. परत सोडायला तीन वाजतात, चौकात अडकलो तर साडेतीन.” राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, पण वाहतुकीच्या अडचणी पुढे करून काही शाळा जुन्याच वेळेवर राहिल्या. तेवढ्यात शाळा सुटली. मुलं भराभर व्हॅनमध्ये चढली. खिडकीपाशी बसलेला छोटूएवढा एक मुलगा दप्तर मांडीवर घेऊन, त्याच्यावर गाल टेकवून गाडी सुरू होण्याआधीच झोपला. त्याच्या गळ्यातल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी काठोकाठ होतं.

दुसऱ्या दिवशी प्राधिकरण. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमधल्या लोकांना राहायला जागा हवी, म्हणून 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. सेक्टर आखतानाच शाळांसाठी, मैदानांसाठी, बागांसाठी जागा राखल्या गेल्या. म्हणूनच तिथे आजही मुलं शाळेत चालत किंवा सायकलवर जाताना दिसतात. ज्या उपनगरात आधी इमारती उठतात आणि शाळेची जागा नंतर शोधली जाते, तिथे मुलांच्या नशिबी व्हॅन येते.

शाळा अनुदानित, सेमी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. इमारत जुनी, रंग उडालेला. प्रयोगशाळेची दोन कपाटं बंद पडलेली. वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असं कायदा सांगतो, म्हणजे तिथेही सगळं आदर्श नव्हतंच. मैदान मात्र मातीचं होतं, आणि त्यावर मुलींचा खो-खो रंगला होता. थोरलीची पावलं तिथेच थांबली.

मुख्याध्यापकांनी छोटूला वाचायला दिलं नाही. “तुला काय आवडतं रे?” असं विचारलं. तो म्हणाला, “ट्रॅक्टर.” मग ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकावरून दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. लातूरच्या शाळेचा दाखला हातात यायला उशीर होईल, असं वडिलांनी चाचरत सांगितलं. “येईल तेव्हा द्या. दाखला उशिरा आला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही,” एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आईने इथेही तोच प्रश्न विचारला. तिसरीच्या वर्गशिक्षिका क्षणभर थांबल्या. मग कपाटातून त्यांनी एक वही काढली आणि वरच्या नावावर अंगठा ठेवूनच उघडली. “नाव नाही दाखवणार हं, त्याला आवडायचं नाही,” त्या म्हणाल्या.

जुलैच्या पानावर अक्षरं ओळ सोडून भटकत होती. ‘क’ला फाटा नव्हता, ‘ट’ आणि ‘ढ’ एकमेकांच्या जागी. लाल शाईची फुली कुठेच नव्हती. प्रत्येक चुकलेल्या अक्षराशेजारी बाईंनी ठिपक्यांनी तेच अक्षर काढून दिलं होतं आणि मुलाने त्यावरून पेन्सिल फिरवली होती. खाली तारीख. सप्टेंबरात ठिपके कमी झाले होते. डिसेंबरात समासात बाईंनी स्वतःसाठी लिहिलं होतं, ‘फळ्यावरचं नीट दिसत नाही का? पुढे बसवून पाहणे.’ त्याच्या पुढच्या पानापासून अक्षर एकदम सुधारलं होतं. फेब्रुवारीच्या पानावर त्या मुलाने स्वतःच्या मनाने चार वाक्यं लिहिली होती. दोन चुकीची होती, पण चारही वाचता येत होती.

“चष्मा लागला होता त्याला,” बाई म्हणाल्या. “आम्हालाच कळायला उशीर झाला.”

त्या रात्री मावशीच्या घरी नवरा-बायकोचं बोलणं बराच वेळ चाललं.

“एकासाठी दुसरीचं नुकसान व्हायला नको,” वडील म्हणाले. “ती हुशार आहे. तिला मोठी शाळा मिळायला हवी.”

“अहो, तिच्या चुका आजवर कुणी पाहिल्यात का?” आई म्हणाली. “मार्क चांगले येतात म्हणून तिची वही कुणी नीट तपासतच नाही. ज्या बाई त्या पोराच्या अक्षरावरून त्याचे डोळे ओळखतात, त्या आपल्या मुलीचंही कुठे अडतंय ते ओळखतील. वाकडच्या शाळेत आधीच तयार असलेलं मूल घेतात आणि दहावीला त्याचाच फोटो लावतात. त्या फोटोत शाळेचं किती आणि मुलाच्या घरचं किती, कसं कळणार? आणि छोटूला एक वर्ष बाहेर ठेवायचं म्हणजे, तू कमी आहेस हे त्याला वर्षभर शिकवायचं.”

वडील गप्प राहिले. मग म्हणाले, “निगडीहून चाकण लांब पडेल. तळवड्याच्या रस्त्याला रोज गर्दी असते.”

“लांबचा प्रवास मोठ्यांनी करावा. मुलांनी चालत जावं.”

त्यांनी प्राधिकरणात जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वाकडचा फ्लॅट याहून मोठा होता, त्याला पोहण्याचा तलावही होता. त्यावर पाणी सोडावं लागलं. घर विकत घ्यायची घाईही केली नाही. आधी शाळेचं एक वर्ष पाहू, मग ठरवू, असं दोघांनी ठरवलं. वडील कंपनीच्या बसने सकाळी लवकर निघू लागले. मुलं मात्र शाळेच्या घंटेच्या जरा आधी घरातून निघत आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मैदानात असत.

वर्ष संपलं तेव्हा काही चमत्कार झाला नव्हता. छोटू अजून हळूच वाचतो. पण आता तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, अक्षराकडे पाहतो. अडला तर “हे काय आहे?” असं विचारतो. अंदाजाने ओळ पुरी करणं त्याने सोडलं आहे.

थोरलीच्या बाबतीत जे घडलं, ते वडिलांच्या ध्यानीमनी नव्हतं. पहिल्याच सत्रात गणिताच्या सरांनी तिला अपूर्णांकांचा भागाकार फळ्यावर करायला सांगितला. तिने उत्तर बरोबर काढलं. “दुसरा अपूर्णांक उलटा का केलास?” सरांनी विचारलं. तिला सांगता येईना. सहावीत पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या मुलीने रीत पाठ केली होती, अर्थ तिला उमगला नव्हता. सरांनी भाकरीचे तुकडे काढून तो अर्थ लावून दिला. त्या सत्रात तिचे गुण थोडे घसरले. वडिलांनी ते प्रगतिपुस्तक पाहिलं आणि सही करून शांतपणे परत दिलं. निकालाच्या रकान्यांची ती वही पुढे किराण्याच्या हिशेबाला लागली.

दरवर्षी लातूर, नांदेड, सोलापूर, जळगावहून अशी कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईच्या उपनगरांत येतात. शाळेच्या ओढीने घराचा पत्ता ठरवणं योग्यच आहे, पण शाळा पारखायची कशी, हे आपण जाहिरातींवर सोडून देतो. मान्यता आणि संलग्नता कागदावर पाहून घ्या. शाळा भरताना नव्हे, सुटताना फाटकापाशी उभे राहा आणि मुलांचे चेहरे बघा. पालक-शिक्षक संघात काय बोललं जातं, ते आधीच्या पालकांना विचारा. फी ठरवण्यात या संघाच्या कार्यकारी समितीला कायद्याने हक्क आहे. आणि आपल्या घरातल्या सगळ्यात हुशार मुलाला डोळ्यांसमोर ठेवून शाळा शोधू नका. जो अडखळतो, त्याला डोळ्यांसमोर ठेवा.

तात्पर्य: पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो कोणतीही शाळा दाखवील, मागे पडलेल्या मुलाची वही जी शाळा विश्वासाने दाखवू शकते, तीच चांगली शाळा, आणि अशी शाळा जिथे चालत गाठता येते, तिथेच घर घ्यावं.