मागच्या खोलीतला माणूस

रात्री जागून इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला लॅम्पार्ड आणि जेरार्ड वेगळे सांगावे लागत नाहीत. दोघेही अव्वल मिडफिल्डर, आणि दोघांनाही खेळणं थांबवल्यावर मॅनेजरच्या खुर्चीसाठी फार ताटकळावं लागलं नाही. लॅम्पार्ड २०१७ मध्ये निवृत्त झाला, २०१९ मध्ये चेल्सीचा मॅनेजर झाला आणि दीड वर्षात त्याची गच्छंती झाली. जेरार्डने रेंजर्सला एकही सामना न हरता स्कॉटिश लीग जिंकून दिली, पण ॲस्टन व्हिलात त्याला वर्षही पुरं करता आलं नाही. मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्याला सगळा खेळ दिसतो, म्हणून तो मॅनेजर म्हणून चमकणारच, अशी एक समजूत आहे. मला ती अर्धवट वाटते. खेळ दिसणं निराळं आणि खेळणारा माणूस दिसणं निराळं. ही दुसरी नजर कुठून येते, हे लिव्हरपूलचे एकेकाळचे मॅनेजर बॉब पेझली यांच्याकडे पाहिलं की कळतं.

पेझलींचा जन्म १९१९ चा, डरहॅम परगण्यातल्या हेटन-ल-होल या कोळसा खाणींच्या गावचा. वडील खाणकामगार. बॉब गवंडीकाम शिकले, फुटबॉल खेळले आणि १९३९ मध्ये लिव्हरपूलला आले. लगेच युद्ध सुरू झालं. उमेदीची वर्षं सैन्यात गेली. परतल्यावर डाव्या हाफच्या जागेवर खेळत १९४७ ची लीग जिंकली. पण त्यांच्या खेळाडूपणातली लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे न खेळलेला एक सामना. १९५० च्या एफए कपच्या उपांत्य फेरीत त्यांनी एव्हर्टनविरुद्ध गोल केला आणि अंतिम सामन्यातून त्यांनाच वगळण्यात आलं. पुढे स्वतः खेळाडूंना वगळण्याची वेळ आली, तेव्हा समोरच्याच्या पोटात काय कालवत असेल हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

१९५४ मध्ये खेळ संपला आणि पुढची २० वर्षं ते क्लबच्या मागच्या बाजूला राहिले. राखीव संघाचं प्रशिक्षण, दुखापतींवर उपचार, मग मॅनेजर बिल शँकलींचे सहायक. ॲनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावरच्या ‘बूट रूम’ नावाच्या छोट्याशा खोलीत बुटांच्या वासात बसून ही मंडळी सामन्यांची चिरफाड करत. पेझलींनी पोस्टाने अभ्यासक्रम करून फिजिओथेरपी शिकली होती. चालण्याच्या ढबीवरून ते दुखणं ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. माझ्या मते त्यांचं मॅनेजरपण इथे घडलं. उपचाराच्या टेबलावर झोपलेला खेळाडू बढाया मारत नाही. तिथे त्याची भीती दिसते, आळस दिसतो, आणि पाय किती वर्षं साथ देणार याचा अंदाजही येतो.

१९७४ मध्ये शँकलींनी अचानक राजीनामा दिला. पेझली तेव्हा ५५ वर्षांचे. पद त्यांनी नाखुशीनेच घेतलं. बोलण्यात ते अडखळत, खेळाडूंची नावं विसरत. त्यात शँकली सरावाला येत राहिले आणि खेळाडू अजून त्यांनाच ‘बॉस’ म्हणत. पहिल्या हंगामात एकही मोठा चषक मिळाला नाही.

मग नजर कामाला लागली. आर्सेनलहून आलेला रे केनेडी मुळात स्ट्रायकर. पुढच्या फळीत तो रखडला, तेव्हा पेझलींनी त्याला मागे घेऊन मधल्या फळीत डावीकडे खेळवलं. स्ट्रायकर म्हणून संपत आलेला हा माणूस तिथून इंग्लंडकडून खेळला. संघाचा स्ट्रायकर किगन १९७७ मध्ये हॅम्बुर्गला गेला, त्याच्या जागी डॅलग्लिश आणला. त्याच सुमारास हॅन्सन आणि सूनेस.

विणलेला जाडा स्वेटर घालणारा प्रेमळ काका अशी त्यांची प्रतिमा रंगवली जाते. ती मला पटत नाही. डिसेंबर १९८१ मध्ये मँचेस्टर सिटीने ॲनफिल्डवर ३-१ ने हरवलं आणि लिव्हरपूल बाराव्या स्थानावर घसरला. कर्णधार होता फिल थॉम्पसन, तिथलाच पोरगा. सहा-सात महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये त्याने युरोपियन कप उंचावला होता. पेझलींनी त्याचं कर्णधारपद काढून सूनेसला दिलं. थॉम्पसन दुखावला, पण संघ लीग जिंकला. उतरणीला लागण्याआधी खेळाडू विकून टाकायलाही त्यांचा हात कचरत नसे.

नऊ हंगामांत सहा लीग आणि १९७७, १९७८, १९८१ असे तीन युरोपियन कप. तीन युरोपियन कप जिंकणारे ते पहिलेच मॅनेजर. पुढे त्यांच्या पंक्तीला बसलेल्यांत अँचेलोटी आणि झिदान आहेत. तेही मिडफिल्डरच, म्हणजे ती समजूत अगदीच खोटी नाही. पण अँचेलोटींनीही आधी प्रशिक्षक साकींचे सहायक म्हणून काम केलं होतं आणि झिदानने अँचेलोटींचा.

शँकलींनी बांधून ठेवलेल्या घरात पेझली नुसते राहायला गेले, असा एक आक्षेप घेतला जातो. पाया शँकलींचा होता हे खरंच. पण शँकलींच्या हाती युरोपियन कप कधी लागला नाही, आणि १९८१ च्या संघात त्यांच्या वेळचे खेळाडू मोजकेच उरले होते. शिवाय मागच्या खोलीत माणूस २० वर्षं मुरू देणं हे क्लबचंच शहाणपण म्हटलं पाहिजे. आज पाच सामने हरले की नवा चेहरा शोधणाऱ्या मालकांकडे तेवढा धीर नाही. दोष एकट्या लॅम्पार्डला का द्यायचा?

१९८३ मध्ये पेझली थांबले. क्लबने बाहेर कुणाला विचारलं नाही. त्याच बूट रूममधल्या ६२ वर्षांच्या जो फेगन यांना खुर्ची दिली, आणि पहिल्याच हंगामात फेगननी लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तिन्ही जिंकले.