कुलूप कुणासाठी?

कुलूप लावणं म्हणजे समोरच्याला चोर ठरवणं का? आमच्या बेळगावच्या महिला मंडळात हा प्रश्न एकदा सायकलीवरून निघाला. एकीनं मुलीला कॉलेजला जायला सायकल घेतली होती आणि कुलूप किती रुपयांचं घ्यावं, यावर बोलणं चाललं होतं. एक वयस्कर काकू म्हणाल्या, "आम्ही नुसती कडी लावून गावाला जात होतो. कुलूप घालायचं म्हणजे शेजारणीचा अपमान की गं!"

काकूंचं खरं आहे. पण तेव्हा गल्ली ओळखीची होती, समोरच्या कट्ट्यावर कायम कुणीतरी बसलेलं असायचं. पहारा तेव्हाही होता, फक्त तो लोखंडाचा नव्हता. बसस्टँडबाहेर दिवसभर उभ्या असलेल्या सायकलीला असा शेजार कुठला? तिथं कुलूप लावलं तर कुणाचाच अपमान होत नाही.

मग कुलूप कसलं घ्यावं? मागच्या चाकाचं गोल कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलून टेम्पोत टाकली की संपलं. बारीक तारेची केबल स्वस्त मिळते, पण कटरनं क्षणात तुटते. कडक पोलादाची साखळी किंवा यू आकाराचं कुलूप बरं. तेही नुसत्या चाकातून नको. चौकटीतून घालून पक्क्या रोवलेल्या खांबाला अडकवावं. न तुटणारं कुलूप जगात नाही. कुलूप चोराचा वेळ खातं, आणि वेळच त्याच्याकडं नसतो.

यावर कुणी म्हणेल, वस्तूला इतकं जपणं हा परिग्रहच नाही का? हौसेच्या वस्तूबद्दल तसं म्हणता येईल. पण कर्नाटकात 2006-07 पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, त्या हौसेसाठी नव्हेत. लांबच्या खेड्यातल्या पोरीची सायकल गेली तर तिची शाळाच सुटू शकते. तिथं साखळीला चार पैसे जास्त घालणं ही आसक्ती नाही, आपलं कर्तव्य आहे. शिवाय उघडी सायकल बघून एखाद्या गरजू पोराचं मन चळतं. कुलूप त्यालाही त्या क्षणापुरतं सावरतं.

पण सगळा भार कुलपावर टाकून आपण मोकळ्या होत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यांतला एक आहे तदाहृतादान, म्हणजे चोरानं आणलेला माल घेणं. आपण स्वतः काही चोरत नाही, म्हणून व्रत पाळलं असं समजतो. पण हजारांची सायकल कुणी तीनशेला देतो म्हटल्यावर "स्वस्तात मिळाली बाई!" म्हणून घरात घेतो, तेव्हा त्या चोरीला गिऱ्हाईक आपणच असतो. विकली जात नसती तर ती सायकल चोरून त्याला काय मिळालं असतं?

म्हणून जुनी सायकल घेताना भाव विचारायच्या आधी ती कुणाची, कुठून आली, पावती आहे का, हे विचारावं. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर कितीही स्वस्त असो, हात लावू नये. सायकलीचं कुलूप एका सायकलीपुरतं असतं. हा नकार आपण सगळ्याजणींनी पाळला, तर ज्यांना चांगली साखळी परवडत नाही अशा कितीतरी पोरींच्या सायकली त्यानं राखल्या जातील.