शार्क आणि तंदुलमत्स्य

शार्क माणसाला फाडून खातो तेव्हा पाप त्याच्या खाती जमा होते काय, असा प्रश्न एखाद्या शास्त्रीबुवांपुढे ठेवला तर तो बहुधा जागच्या जागी खारीज होईल. कारण पशुयोनी ही भोगयोनी, तेथे पूर्वकर्माचा भोग आहे पण नवे कर्तृत्व नाही, आणि ज्याला कर्तृत्व नाही त्याच्यावर फिर्याद चालत नाही, हा आपल्याकडील रूढ सिद्धान्त आहे. सिद्धान्त दयाळू खरा. परंतु ही सुटका मिळते ती मतिशून्यतेच्या मुचलक्यावर, आणि तो मुचलका एका अमेरिकन विदुषीने केव्हाच रद्दबातल करून टाकला आहे.

युजेनी क्लार्क १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली. वडील ती तान्ही असतानाच वारले. जपानी वंशाची आई वर्तमानपत्रांच्या टपरीवर कामाला, म्हणून शनिवारी ती मुलीला बॅटरी भागातील मत्स्यालयात सोडून जाई, आणि मुलगी काचेला नाक लावून तासन्‌तास मासे पाहत राही. पुढे एका विद्यापीठात, तू लग्न करशील, मुलेबाळे होतील आणि आमचा पैसा व श्रम वाया जातील, असे तिला ऐकविण्यात आले (असले शहाणपण कोणत्याही देशाच्या दफ्तरात सापडते). तरी १९५० साली बाईंनी दुसरीकडून डॉक्टरेट मिळविलीच. १९५५ मध्ये फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर त्यांची छोटी प्रयोगशाळा उघडते न उघडते तोच एका वैद्यकीय संशोधकाने शार्कच्या यकृतांची मागणी केली, आणि ज्यांचे वेड लहानपणापासून घेतले त्यांची खरी ओळख बाईंना गळ आणि सुरी यांच्या मार्फत करून घ्यावी लागली.

१९५८ मध्ये त्यांनी लेमन जातीच्या शार्कांच्या कुंपणात एक फळी बसविली. नाकाडाने ती दाबली की घंटा वाजे आणि खाद्य मिळे. जग ज्यांना केवळ पोहणारा जबडा समजत होते, ते मासे हळूहळू फळी दाबून आपले अन्न मागून घेऊ लागले.

मग शिकणाऱ्या, ध्यानात ठेवणाऱ्या जीवाला मन नाही म्हणून निर्दोष कसे ठरवावे? येथे जैनांचा विचार मला अधिक धीट वाटतो. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा तंदुलमत्स्य, त्या विशाल जबड्यातून निसटणारे मासे पाहून, याच्या जागी मी असतो तर एकही सोडला नसता, असे चिंतितो, आणि एकाही जीवाला न मारता सातव्या नरकात जातो. म्हणजे माशाला मन आहे हे या परंपरेने आधीच मान्य केले, आणि दातांइतकाच भावावरही दोष ठेवला. १९७५ साली ‘जॉज’ चित्रपट पाहून, ज्यांना शार्कचा कधी स्पर्शही झाला नव्हता अशी माणसे त्याच्या शिकारीला निघाली, ती या तंदुलमत्स्याच्याच गोत्राची.

बाईंच्या यकृतांचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. भाव पाहिला तर त्या सहज सुटतात, आणि तेवढ्यावर मीही त्यांना सोडतो. पण आपण गळाला लावले ते जीव शिकू शकतात, हे घंटेच्या प्रयोगाने त्यांना स्वतःलाच कळून चुकले होते, आणि मागाहून आलेली ही जाणीव आधीच्या खात्यात मांडावी की नाही, याचे उत्तर तंदुलमत्स्याच्या कथेत नाही.