सभेचा अधिकार

संसद या शब्दाचा धात्वर्थ एकत्र बसणे एवढाच आहे. परंतु केवळ एकत्र बसल्याने कोणत्याही सभेस धर्म्य निर्णयाचा अधिकार प्राप्त होत नाही, हे आपल्या परंपरेने कौरवांच्या द्यूतसभेत, जेथे भीष्म-द्रोणांसारखे वृद्ध आसनस्थ असताही द्रौपदीचा प्रश्न अनुत्तरित राहिला, फार पूर्वीच पाहून ठेवले आहे. मग तो अधिकार येतो कोठून?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, शलाकेने, म्हणजे काडीने, मतदान हे संसदीय नियम भिक्षुसंघास ज्ञात होते आणि बुद्धाने ते आपल्या काळच्या राजकीय सभांवरून घेतले असावेत. पुढच्याच वर्षी त्यांनी औरंगाबादेस महाविद्यालय उघडले. वर्षा-दोन वर्षांपूर्वीपर्यंत निजामाचे फर्मान हाच ज्या मुलखात अखेरचा कायदा होता, आणि जेथील रयतेला प्रौढ मताधिकाराने आपले प्रतिनिधी प्रथम १९५२ साली निवडता आले, तेथे संघाच्या सभानियमांची ही आठवण केवळ पुराणप्रीतीची नव्हती.

त्याच औरंगाबादेत बीबी-का-मकबऱ्यापलीकडच्या डोंगरातील विहार ज्या संघासाठी कोरले गेले, त्याचा कारभार विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंहितेने, चाले. पाली विनयपिटकातील एक नियम मला या सर्व विषयाचा गाभा वाटतो. आजारी भिक्षूला सभेस येता येत नसेल, तर त्याने आपला छंद, म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी कळवावी. तेही शक्य नसेल, तर त्याला मंचकासह सभेत आणावे. आणि हलविल्याने त्याच्या प्राणावर बेतणार असेल, तर सगळ्या संघाने उठून त्याच्यापाशी जावे, पण अपुऱ्या संघाने कर्म, म्हणजे सभेचे कामकाज, करू नये. अनुपस्थिताचे दुर्बलपण हे त्याला वगळण्याचे निमित्त होऊ शकत नाही, इतकी कठोर सभ्यता मला कोणत्याही अर्वाचीन कायदेमंडळात आढळलेली नाही.

परंतु याच विनयात मन अस्वस्थ करणारी एक तरतूद आहे. वादाचा निकाल बहुमताने लावताना शलाका गोळा करणाऱ्यास अधर्मवादी अधिक आहेत असे दिसले, तर गुप्त मतदानात ते मतदान चुकीचे झाले असे म्हणून त्याने ते रद्द करावे, असे तेथे सांगितले आहे. संख्या सत्य ठरवू शकत नाही, हे यामागील तत्त्व मला मान्य आहे. मात्र तो निवाडा मत मोजणाऱ्या एका माणसाच्या हाती देणे, तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा अशी अट विनयाने घातली असली, तरी राष्ट्राच्या सभेत अनर्थाला आमंत्रण ठरेल. आपल्या संविधानाने बहुमताविरुद्धची दाद मूलभूत हक्कांचे स्वतंत्र प्रकरण करून न्यायालयाकडे सोपविली, ती योग्यच.

तरीही धर्म कोणता आणि अधर्म कोणता, हे न्यायालयापूर्वी सभेतच बोलले गेले पाहिजे. औरंगाबादच्या त्या महाविद्यालयाला पुढे ज्या मिलिंद राजाचे नाव मिळाले, त्याला भिक्षू नागसेनाने बजावले होते की पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नाही. कारण पंडित प्रतिवादाने रागावत नाहीत, आणि राजे न पटणाऱ्याला दंड करतात.