दाखला आणि पुरावा

गुढियारीच्या ठोक बाजारात तांदळाचा भाव विचारता विचारता शेजारचे काका सहज बोलून गेले, “मरणाच्या दारी असलेल्या माणसाला औषध द्यायचे की नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, ही कसली विद्या?” त्या प्रश्नाने गेले आठ दिवस माझी पाठ सोडलेली नाही.

2021 च्या वैशाखात, करोनाच्या साथीत, रेमडेसिविरच्या एकेका कुपीसाठी लोकांनी घातलेले हेलपाटे सर्वांच्या स्मरणात आहेत. कोणाला औषध द्यायचे हे अशाच चिठ्ठ्या टाकून ठरवणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या चाचणीचा भारतातील कारभार भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होता, तिचा अंतरिम निष्कर्ष मात्र, पूर्वी इबोलावर अजमावलेल्या या औषधाने रुग्णालयातील मृत्यू कमी झाल्याचे दिसत नाही, असा ऑक्टोबर 2020 मध्येच प्रसिद्ध झाला होता. अमक्याला दिले आणि तो उठून बसला, हा दाखला झाला. ज्यांना दिले नाही त्यांतले किती उठून बसले, हेही त्याच दप्तरात नोंदले जाईल तेव्हा त्याचा पुरावा होतो. 1897 च्या प्लेगात हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे धैर्य आजही सांगितले जाते. मला भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या बंदिवानांची त्यांनी केलेली तुलना अधिक मोलाची वाटते.

काकांचे म्हणणे असे की, औषध जुने, स्वस्त आणि ओळखीचे असेल तर ते सर्वांनाच देऊन टाकावे. गोव्यात मे 2021 मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली ती अशीच. परंतु डेक्सामेथासोनही जुनेच, स्वस्तच. आणि 2020 मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले ते असे, की कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांपैकी औषध न मिळालेले 41.4 टक्के दगावले, मिळालेले 29.3 टक्के, आणि ज्यांना प्राणवायूच लागत नव्हता त्यांना त्याचा काही लाभ दिसला नाही. सरसकट वाटले असते तर हा भेद कोणाच्या ध्यानात आला असता?

येथवर लिहीपर्यंत काकांना निरुत्तर करण्याचाच माझा मनोदय होता. पण ‘रिकव्हरी’च्याच तक्त्यात, औषधाची चिठ्ठी न निघालेल्या 4321 जणांपैकी अठ्ठावीस दिवसांत 1110 जण गेले, अशी नोंद आहे. पुढल्या वर्षी माझा मेहुणा प्राणवायूवर असताना त्याला तेच औषध मिळाले. तो घरी परतला हा एक दाखला. पण ते औषध त्याला विश्वासाने देता आले, ते या अनोळखी माणसांच्या नोंदीमुळे. चिठ्ठीत निर्दयता आहे, हे काकांचे म्हणणे मी आता मान्य करतो; आणि तरीही, तशी वेळ आलीच तर त्या चिठ्ठ्यांत माझेही नाव घालावे, असे मी घरच्यांना सांगून ठेवले आहे.