मरणाधीन देव आणि अजिंठ्याचा स्वर्ग

नॉर्स पुराणकथांतले देव मरतात, ही गोष्ट आपल्याकडे नवलाने सांगितली जाते. ओडिनला फेनरिर लांडगा गिळतो. महासर्पाला मारून थोर नऊ पावले चालतो आणि त्याच्याच विषाने कोसळतो. या देवांचे तारुण्यही इदुनच्या सफरचंदांवर तगलेले असते. आपले देव मात्र अमर, असे आपण सहज धरून चालतो. पण आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात या कथा लिहून काढल्या, त्याच्या सुमारे साडेसातशे वर्षे आधी वाघूर नदीकाठच्या कड्यात मरणाधीन देव रंगवले गेले होते.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्र आहे. त्याचा बराच भाग झडला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पाहणाऱ्यांना तर ते राशिचक्र वाटले. बौद्ध कल्पनेत देवलोक हा मनुष्य, पशू, प्रेत आणि नरक यांच्याच रांगेतला चक्राचा एक कप्पा. पुण्य सरले की देवही तिथून खाली येतो. नॉर्स देवांना निदान शत्रू असतो, ठरलेली लढाई असते, वीराचे मरण असते. रॅग्नारॉक या त्या अखेरच्या लढाईत त्यांच्याबरोबर जगही बुडते. अजिंठ्याच्या देवाचे पतन असे गाजावाजाचे नाही. त्याची जागा रिकामी होते आणि चक्र फिरत राहते. मला ही कल्पना अधिक निर्दय वाटते.

मग त्याच ओसरीत ढगांतून येणारा इंद्र, त्याचे अलंकार, सोबतच्या अप्सरा आणि वादक इतक्या तन्मयतेने का रंगवले? चित्रकाराला स्वर्गाचा मोह सुटला नव्हता, असा आक्षेप घेता येईल. पण फिका स्वर्ग नाकारण्यात काय विशेष? सोळाव्या लेण्यात ज्याची कथा रंगवली आहे त्या नंदाकडे पाहावे. पत्नी सुंदरीत गुंतलेल्या नंदाला बुद्ध स्वर्गातल्या अप्सरा दाखवतात, त्यांच्या आशेने तो साधना करू लागतो आणि पुढे त्या आशेचीच त्याला लाज वाटते. अप्सरा खरोखर मोहक नसत्या तर ही कथा उभीच राहिली नसती. चित्रांतले लावण्य त्या युक्तिवादाचाच भाग आहे.

याहून वजनदार आक्षेप दात्यांचा. दुसऱ्या लेण्यात हारीतीला स्वतंत्र देवघर आहे, म्हणजे देवतांची पूजा चालूच होती. आणि सव्विसाव्या लेण्यातला, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला बुद्धभद्र भिक्षूचा लेख तर उघडच स्वर्गाची भाषा बोलतो: जगात स्मृती टिकते तोवर माणूस स्वर्गसुख भोगतो, म्हणून डोंगरात चंद्रसूर्य असेतो टिकणारे स्मारक करावे. अश्मकांचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ त्याने हे लेणे कोरवले. नॉर्स काव्यातही वित्त आणि आप्त सरले तरी कीर्ती मागे उरते, पण तिच्यावर कुणाचा स्वर्ग अवलंबून नाही. बुद्धभद्राचा स्वर्ग मात्र खडकाच्या आयुष्याला बांधलेला, म्हणजे मुदतीचाच. शिवाय त्याच लेखात शंभूला शाप भोवल्याची आणि कृष्णाला मृत्यूने गाठल्याची आठवण देऊन जयजयकार केला आहे तो भयमुक्त सुगतांचा, म्हणजे बुद्धांचा. त्याला स्वर्ग हवा होता, यात शंका नाही; तो देवांनाही कायमचा मिळत नाही, हे त्याने लपवलेले नाही.