पाणी कशाने बाटते?



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, हे नवदीक्षित कुटुंबांनाही ठाऊक झाले आहे. पण भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी का राहायचे, याचे विनयपिटकातील कारण पुष्कळांच्या कानावर आलेले नसते. भिक्खू पावसातही चारिका करीत, तेव्हा कोवळे गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली तुडवले जात. लोकांनी त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. भगवंतांनी ती कानाआड केली नाही, नियम केला. कोणा देवाची आज्ञा झाली म्हणून नव्हे, तर आपल्या चालण्याने कोणाची हानी होते हे पाहून तो नियम झाला.

याच दृष्टीने आज पाण्याकडे पाहू या. पाणी हा आपल्या चळवळीचा पहिला धडा आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी त्यात ओतल्या आणि तळे 'शुद्ध' झाले असे जाहीर केले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते! पुढे उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात पाण्याचा धडा आला की मी मुलांना हाच प्रश्न विचारते, पाणी कशाने बाटते? मुले लगेच सांगतात : मैल्याने, सांडपाण्याने, कारखान्याच्या रसायनाने, सडलेल्या घाणीने. कोणाच्या जातीने बाटते असे आजवर एकाही मुलाने सांगितलेले नाही. कारण शोधा, मग बोला, ही धम्माची रीत आहे, आणि या एका प्रश्नात ती मुलांना आपोआप समजते.

भगवंतांनी भिक्खुसंघाला घालून दिलेले नियम पाहा. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये. हिरव्या झाडाझुडपांवरही करू नये. ज्या पाण्यात जीवजंतू आहेत असे माहीत आहे ते वापरू नये. भिक्खूजवळ मोजक्याच वस्तू असत; भिक्षापात्र आणि चीवर यांच्याबरोबर त्यात पाणी गाळायचे फडके असे. पालीत त्याला परिस्सावन म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या संघात सर्व जातींची माणसे एकत्र राहत होती, तेथे पाण्याचे शुद्धाशुद्ध गाळण्यावर ठरत होते, पिणाऱ्याच्या कुळावर नव्हे.

येथे एक शंका नेहमी येते, आणि ती बहुधा वडीलधाऱ्या उपासिका विचारतात. "बाई, आमचा जन्म दुसऱ्याने वरून ओतलेल्या पाण्याची वाट पाहण्यात गेला. आता कुठे दारात नळ आला, तर तुम्ही म्हणता जपून वापरा?" प्रश्न रास्त आहे. देशातले सर्वांत जास्त पाणी शेतीला लागते. आपल्या महाराष्ट्रात त्यातले फार मोठे पाणी ऊस पितो. ते वाटप न्यायाचे आहे का, हे विचारण्याचा आपला हक्क कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तो विचारलाच पाहिजे. पण तोवर आपल्या मोरीकडे पाहायचे नाही, असे त्यातून निघत नाही.

मोरीत सोडलेली पिशवी, ओला-सुका एकत्र केलेला कचरा पुढे कोठे जातो? गटार तुंबते. ते मोकळे करायला कोण उतरतो? २०१३ साली त्याविरुद्ध कायदा झाला, तरी माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. मरणारे बहुतेक आपलेच भाऊ असतात. मिसळलेला कचरा हाताने निवडणाऱ्या बायाही आपल्याच. तेव्हा ओला कचरा निराळा ठेवणे ही कोणाच्या तरी बोटांची काळजी आहे. सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची जी प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आपण घेतली, ती मोरीपाशीही लागू आहे.

काटकसर म्हणजे पुन्हा दारिद्र्य, अशी भीती बाळगू नका. कोसंबीची कथा विनयपिटकात आहे. राजा उदेनच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला संशय आला, हा श्रमण दुकान मांडणार की काय? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे विरली त्यांना ही देऊ. जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी. आणि फडकी फाटली की चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आजीची गोधडी याहून वेगळी नव्हती. फरक इतकाच की तिला ती नाइलाजाने शिवावी लागली, आनंदांनी जाणून तसे केले.

आता घरात काय करायचे? गळका नळ असेल तर मुलांकडून त्याखाली रात्रभर तांब्या ठेववा आणि सकाळी मोजायला लावा. वॉशर बदलायला मग कोणी आळस करणार नाही. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कुंडीला. देठ-साली फुटक्या माठात, वर वाळला पाला, खत होते. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ साली बंदी आली, तरी भोजनदानात ती दिसतात, हे बरे नव्हे. विहाराने एकदा वर्गणी काढून स्टीलची ताटे घ्यावीत.

पण खरा खजिना छपरावर आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरीला गेलात तर बुद्धमूर्तीला वंदन करून परत फिरू नका. खडकात खोदलेले पन्हाळ आणि लेण्यांपाशी असलेली पाण्याची टाकी पाहा. डोंगरावरचा पाऊस भिक्खूंनी असा साठवला. लेण्यांतील शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे, आणि पोढी दान देणाऱ्या उपासकांची नावे तेथे कोरलेली आहेत.

आपले पत्र्याचे छप्पर काही लहान नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वीस चौरस मीटरच्या छपरावर पंचवीस मिलिमीटरची एक सर म्हणजे पाचशे लिटर. थोडे उडून-सांडून जाईल. पन्हाळ लावा, खाली पिंप ठेवा, तोंडाला सुती फडके घट्ट बांधा म्हणजे पाणी गाळले जाईल आणि डासही आत अंडी घालणार नाहीत. हे पाणी धुण्या-भांड्याला, संडासाला वापरा. पिण्यास घेऊ नका. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्या, कारण छपरावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा त्यांतूनच उतरते. त्यानंतर पिंप पन्हाळीखाली सरकवा.